गवती चहाचे तेल आणि कापलेल्या दोन ओळी

गवती चहाचे किंवा दुसरे कोणतेही सुगंधी वनस्पतितेल पातळ न करता चेहऱ्यावर लावू नये. त्यात कापड भिजवून, वरून टेप चिकटवून तर मुळीच लावू नये.

ट्यूब

भंडाऱ्यातल्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर मॅडमनी माझा चेहरा भिंगातून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "कोणती ट्यूब लावता?"

मी नाव सांगितले. किती दिवस? अकरा महिने. कोणी लिहून दिली? कोणीच नाही. जवाहरनगरला कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या क्वार्टरच्या ओळीत तीन घरांतल्या मुली तीच ट्यूब वापरत होत्या. औषधाच्या दुकानात नाव सांगितले की मिळायची. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळायचा, पुरळ बसायचे. पुढे ती सोडता येत नाही. एक दिवस चुकला तरी गाल पेटल्यासारखे होतात.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. एका दैनिकाच्या भंडारा कार्यालयात जिल्ह्याच्या पानाचे काम करत होते. बातम्या आणणे, लिहिणे आणि संध्याकाळी पान लावणे. मुरुमे सोळाव्या वर्षापासून होती, पण बाविसाव्या वर्षी त्यांचे रूप बदलले. टोक नसलेल्या, खोल, बोराएवढ्या गाठी जबड्याच्या कडेने येऊ लागल्या. उशीला गाल टेकला की दुखायचे. जांभई दिली की दुखायचे.

"हे वयात येतानाचं पुरळ नाही," मॅडम म्हणाल्या. "हा आजार आहे. त्यात या ट्यूबमधल्या स्टिरॉइडनं कातडी पातळ केली. ट्यूब आज बंद. आधी त्रास वाढेल, मग कमी होईल."

आई शेजारी बसली होती. "मुरुमाले कोणी आजार म्हणते काय जी?"

"मी म्हणते," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी गोळी सांगितली. सहा-सात महिने घ्यायची, दर महिन्याला रक्त तपासायचे. ओठ फाटतील, डोळे कोरडे पडतील. आणि गोळी सुरू असताना गर्भ राहता कामा नये, बाळात व्यंग येऊ शकते. या वाक्यानंतर आईने पुढचे काहीही ऐकले नाही. घरी आल्यावर तिने चिठ्ठीची चौघडी केली आणि स्टीलच्या डब्यात, रेशनकार्डाखाली ठेवून दिली.

"हे नाही खायचं," ती म्हणाली. "उद्या लग्न झाल्यावर काय सांगशीन त्यांले?"

मी कमावती होते. डब्याला कुलूप नव्हते. चिठ्ठी काढून गोळी आणता आली असती. मी आणली नाही, कारण मलाही भीती वाटत होती, आणि आईच्या नकाराआड उभे राहणे सोयीचे होते.

स्कार्फ

ट्यूब बंद केल्यावर मॅडमनी सांगितले तसेच झाले. तिसऱ्या दिवशी चेहरा सुजला. दहाव्या दिवशी नव्या गाठी आल्या. मी बातम्यांच्या वहीच्या मागच्या पानावर रोज सकाळी नोंद करू लागले: डावा गाल सहा, जबडा तीन, उजवा गाल दोन. मोजल्याने काही होत नव्हते. पण सवय मोजण्याची होती.

गाडीवरून जाताना आमच्याकडच्या सगळ्या मुली चेहऱ्याला स्कार्फ बांधतात. मी तो कार्यालयातही सोडेनाशी झाले. एका पत्रकार परिषदेत एका अधिकाऱ्याने माझ्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी विचारले, "मॅडम, चेहऱ्याला काय लागलं?" सगळे वळून बघू लागले. माझा प्रश्न तलावांच्या गाळाबद्दल होता. त्याचे उत्तर मिळाले नाही आणि मी तो पुन्हा विचारलाही नाही. त्या आठवड्यात मी तीन कार्यक्रम फोनवरून उरकले.

विहारात वंदनेनंतर बायका उपाय सांगत. मुलतानी माती, कडुनिंब, टूथपेस्ट, सकाळची शिळी थुंकी. एकजण आईला म्हणाली, "पोरगी उष्ण खाऊन राहिली असन." त्यानंतर आमच्या घरात दोन महिने तिखट तर्रीची भाजी झाली नाही. बाबांनी तक्रार केली नाही. ते कारखान्यातून येत, फिकी भाजी खात आणि माझ्या तोंडाकडे न बघता बोलत. त्यांना वाटायचे, न बघणे ही मदत आहे. मला ते कधी मदत वाटायचे, कधी नाही.

पट्टी

याच काळात जवळच्या एका औषधनिर्माण महाविद्यालयातून निरोप आला. तिथल्या प्राध्यापिका मुरुमांसाठी एक पट्टी तयार करत होत्या. बातमीसाठी जाते असे मी कार्यालयात सांगितले. खरे तर मी रुग्ण म्हणून गेले होते.

प्रयोगशाळेत काचेच्या पेटीत एक सुई आणि तिच्यासमोर पत्रा होता. दोन्हींमध्ये मोठ्या दाबाची वीज. सुईतून चिकट द्रावण सुटते, विजेने ओढले जाते आणि पत्र्यावर सूत होऊन जमते. एक धागा डोळ्यांना दिसत नाही, इतका तो केसापेक्षा बारीक. हजारो धागे जमले की अंड्याच्या कवचाआतल्या पापुद्र्यासारखा पांढरा थर तयार होतो. द्रावणात गवती चहाचे तेल अगदी थोडे मिसळलेले असते. ते धाग्यांत अडकून राहते आणि हळूहळू सुटते.

प्राध्यापिकेने नखाएवढा चौकोन कापून माझ्या तळहातावर ठेवला. वजन जाणवत नव्हते. वास मात्र ओळखीचा होता, घरच्या चहाचा.

"कोणाला लावून बघितली?" मी विचारले.

"माणसाला नाही. अजून बशीतल्या जंतूंवरच चाललंय."

मी वही मिटली. त्यांनी माझ्या स्कार्फकडे पाहिले. मी काही विचारले नव्हते, तरी त्या म्हणाल्या, "आणि लोक तेल आणून तसंच चोपडतात. त्याने भाजतं. एवढं लिहाल ना?"

"लिहिते," मी म्हणाले.

पान

मी ते लिहिले. बातमीचा शेवट असा होता: 'ही पट्टी अद्याप प्रयोगशाळेत असून माणसांवर तिची चाचणी झालेली नाही. हे तेल थेट त्वचेवर लावल्यास इजा होऊ शकते, असे प्राध्यापिकेने स्पष्ट केले.' छापील स्तंभात हा मजकूर दोन-तीन ओळींचा, आमच्या भाषेत 'शेवटच्या दोन ओळी'.

बातमी लिहिण्याची आमची रीत ठरलेली आहे. सर्वांत महत्त्वाचे सर्वांत वर, त्याहून कमी महत्त्वाचे त्याखाली, आणि खुलासे, इशारे, कोण कोण उपस्थित होते ते तळाला. जागा कमी पडली की खालून कापायचे. विचार करावा लागू नये म्हणूनच ही रीत आहे.

संध्याकाळी साडेसातला वाढदिवसाच्या शुभेच्छांची एक जाहिरात आली आणि पान आखडले. मी पाच बातम्या खालून कापल्या. शिबिराच्या बातमीतली उपस्थितांची नावे गेली. एका सत्काराचे आभारप्रदर्शन गेले. पट्टीच्या बातमीच्या शेवटच्या दोन ओळी गेल्या. प्रत्येक कापाकापीला दोन-तीन सेकंद लागले असतील. मथळा दिला: 'मुरुमांवर गवती चहाच्या तेलाची पट्टी'. माझे नाव नव्हते. आमच्याकडे अशा बातमीवर फक्त 'प्रतिनिधी' लिहितात.

कात्रण

बातमीवर नाव नसले तरी माझी बातमी कोणती हे आईला कळते. ती कात्रणे कापून वहीत चिकटवते. हे कात्रण तिने आधी मावशीला वाचून दाखवले. मावशी आंबागडला असते. तिच्या बचत गटाची गवती चहाचे तेल काढायची भट्टी आहे. चार दिवसांनी तुमसरच्या बसने एक बाटली आली. औषधाची जुनी बाटली, गळ्यापर्यंत पिवळे तेल, बुचावर प्लास्टिक बांधलेले.

"आई, ते तसंच नाही लावाचं," मी म्हणाले.

"काहून?"

"भाजते. त्यायनं सांगतलं होतं मले."

आईने वही उघडली, बोट ठेवून बातमी शेवटपर्यंत वाचली. "यात तं नाही लिहिलं."

"जागा नव्हती. म्या कापलं ते."

"महत्त्वाचं असतं तं कापलं असतं काय तू?"

आईने बाटली देवघरात ठेवावी तशी बुद्धमूर्तीच्या बाजूला ठेवली. पुढच्या आठवड्यात तिने आणखी एकदा विचारले, मी नाही म्हणाले. तिसऱ्या वेळी, एका रविवारी दुपारी, मी हो म्हणाले. सकाळच्या नोंदीत एकूण सतरा गाठी होत्या. मला त्या दोन ओळी तोंडपाठ होत्या. पण छापून आलेली बातमी त्यांच्याशिवायची होती, आणि तीन आठवड्यांत मीसुद्धा छापलेल्या बातमीवरच विश्वास ठेवू लागले होते.

बातमीत 'नखाएवढी चौकोनी पट्टी' असे लिहिले होते. आईने धुतलेल्या सुती कापडाचे नखाएवढे चौकोन कापले. तेलात बुडवले. डाव्या गालावर दोन, उजव्या जबड्यावर एक. वरून चिकटटेप. पाच मिनिटांत जळजळ सुरू झाली.

"लागून राहिलं, म्हणजे औषध काम करून राहिलं," आई म्हणाली.

मी अडीच तास थांबले.

टेप काढला तेव्हा तीन लाल चौकोन होते. कडा सरळ होत्या, आईचा हात कापडाला चांगला आहे. संध्याकाळपर्यंत चौकोन पांढरे पडले. सकाळी त्यांत पाणी होते. आई आरशात माझ्या मागे उभी होती. तिने बाटली उचलली, बाहेर गेली आणि मोरीत ओतली. दिवसभर घराला चहाचा वास येत होता.

वॉर्ड

तिसऱ्या दिवशी ताप भरला. फोडांत जंतू गेले होते. डावा डोळा सुजून बंद झाला. भंडाऱ्याच्या रुग्णालयात स्त्रियांच्या वॉर्डात मी पाच दिवस होते.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांच्यासाठी दिनक्रम सांगते. सहाला ताप बघतात. साडेसहाला फिनाइलने फरशी पुसतात, तेव्हा चपला खाटेवर घ्याव्या लागतात. आठला सुई; ती हातात जाताना दुखत नाही, औषध जाताना दुखते. दहाच्या सुमारास डॉक्टर येतात आणि दोन मिनिटे थांबतात. प्रश्न आधी लिहून ठेवावेत. दुपार लांब असते. वॉर्डात आरसा नव्हता. त्याचा मला मोठा आधार झाला.

बाबा कामावरून कारखान्याच्या बसने घरी येत, तिथून डबा घेऊन थेट दवाखान्यात. एका डोळ्याने मला बारीक अक्षर वाचता येत नव्हते. त्यांनी न सांगता पेपर उघडला आणि जिल्ह्याचे पान मोठ्याने वाचायला घेतले. बातम्या संपल्यावर निविदा, हरवलेल्या कागदपत्रांची सूचना, शेवटी पानाच्या तळाचे छापखान्याचे नाव. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "अजून आहे का जी, वाचा ना." वाचताना त्यांना माझ्याकडे बघावे लागत नव्हते. त्या दिवसांत ती मला मदतच वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या खाटेवर एक मुलगी आली. सतरा वर्षांची. नाव रोशनी. चिखला गावची, वडील तिथल्या खाणीत कामाला, आई सोबत आलेली. दोन्ही गालांवर मलम होते, पण मलमाखालून आकार दिसत होता. डावीकडे तीन, उजवीकडे दोन. चौकोन.

डॉक्टरांनी विचारले, "कशानं झालं?"

रोशनीच्या आईने प्लास्टिकच्या फाइलमधून केसपेपर काढले. त्यांच्याखालून एक कात्रण काढले. "हे पाहा जी. आमच्या मनानं नाही केलं. पेपरात होतं. पेपर खोटं लिहिते काय?"

मथळा मला उघड्या डोळ्याने दहा फुटांवरून वाचता आला.

माझी आई माझ्या पायाशी बसली होती. तिने कात्रण पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. एरवी ती बसमध्ये अनोळखी बाईलाही सांगते, आमची शीतल पेपरात आहे. त्या दिवशी तिने डब्याचे झाकण लावले, पुन्हा काढले, पुन्हा लावले.

डॉक्टर निघाले तेव्हा रोशनीने विचारले, "डाग राहीन का सर?" वॉर्डातली प्रत्येक बाई हेच विचारायची. मीही विचारले होते. डॉक्टर म्हणाले, "उन्हात जाऊ नको. बघू." मलाही तेच म्हणाले होते. फरक एवढाच की भाजेल हे मला माहीत होते. तिला ते कोणी सांगितले नव्हते.

समोरची खाट

मी दीड दिवस गप्प राहिले. त्या दीड दिवसात रोशनीने मला तिच्या डब्यातले तळलेले बोंडे दिले, माझी सलाइन संपत आल्यावर सिस्टरला हाक मारली आणि मी रात्री घोरते असे सगळ्या वॉर्डाला सांगितले.

"ताई, तुमचे बी चौकोनच आहेत," ती चौथ्या दिवशी सकाळी म्हणाली. "तुमी बी पेपर वाचूनच लावलं का?"

"नाही," मी म्हणाले. "पेपरात मीच लिहिलं."

तिला आधी समजले नाही. मग समजले. तिची आई केसपेपर बघत होती, तिचे हात थांबले.

मी सरळ क्रमाने सांगितले. प्राध्यापिका काय म्हणाल्या, मी काय लिहिले, जाहिरात कधी आली, मी काय कापले. माफ करा हा शब्द शेवटी आला. तोही मी तळालाच ठेवला, हे नंतर लक्षात आले.

रोशनीची आई माझ्या आईकडे वळून म्हणाली, "तुमची पोरगी हुशार आहे, बाई. आमची वाचून करणारी निघाली." माझ्या आईने मान खाली घातली.

रोशनीने विचारले, "काय होत्या थ्या ओळी?"

मी म्हणून दाखवल्या. ती ओठ हलवत ऐकत होती.

"एवढंच?"

"एवढंच."

"एवढ्याले जागा नव्हती?"

मग तिने भिंतीकडे तोंड केले, तर गाल उशीला लागला. परत वळावे लागले. माझ्याकडेच बघत ती पडून राहिली.

दुरुस्ती

रुग्णालयातून सुटी मिळाल्यावर मी कार्यालयप्रमुखांना दुरुस्ती छापायला सांगितले.

"छापलं त्यात चूक काय होती?" त्यांनी विचारले.

"काही नाही."

"मग दुरुस्ती कशाची?"

"नाही छापलं त्याची."

ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि पानाच्या तळाला चार ओळींची जागा दिली. ती छापून आली. एकच फोन आला, प्राध्यापिकेचा. बातमी आली त्याच दिवशी त्यांनी कार्यालयात दोनदा फोन केला होता म्हणे. कोणी उचलला नव्हता. त्या रागावल्या नाहीत. पट्टीचे काम अजून सुरू आहे असे म्हणाल्या. मी त्याची बातमी केली नाही. पट्टीत दोष होता असे मला कधी वाटले नाही. पट्टी आम्हा दोघींच्या चेहऱ्यावर कधी आलीच नव्हती.

गोळी

चिठ्ठी डब्यातून आईनेच काढली. जखमा भरल्यावर आम्ही पुन्हा डॉक्टर मॅडमकडे गेलो. प्रश्न एका कागदावर लिहून आईने माझ्या हातात दिले होते, पण विचारले तिनेच.

"गोळी बंद केल्यावर किती दिवस राहते अंगात?"

"महिनाभर धरा. त्यानंतर मूल व्हायला अडचण नाही."

"हे तुमी पयल्या बारीनंच काहून नाही सांगतलं जी?"

मॅडम आईकडे बघत राहिल्या. "सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमचं लक्ष नव्हतं."

सात महिने गोळी घेतली. ओठ इतके फाटत की बोलताना रक्त येई. व्हॅसलीनची डबी पेनाशेजारी ठेवायची. दोनदा घोळणा फुटला. मन खचल्याचे दिवस आले आणि ते मॅडमना सांगितले, तेही सांगायचे असते. दर महिन्याला रक्त. तिसऱ्या महिन्यापासून नोंदीतले आकडे उतरू लागले. सहाव्या महिन्यात एका सकाळी वहीत शून्य लिहिले. त्यावर विश्वास बसेना म्हणून आईला बोलावले. तिने चष्मा लावून मोजले आणि तिलाही काही सापडले नाही.

माझे चौकोन फिके झाले आहेत. उन्हात उजव्या जबड्यावरच्या एकाची कड दिसते.

रोशनी महिन्यातून एकदा भंडाऱ्याला याच मॅडमकडे येते. आम्ही तारीख एकच घेतो. तिचे चार चौकोन गेले. डाव्या गालावरचा, डोळ्याजवळचा, अजून आहे. मॅडम म्हणतात वेळ लागेल. जाईल असे म्हणत नाहीत.

हा मजकूर छापायचा की नाही हे मी तिच्यावर सोडले होते. मागच्या खेपेला दवाखान्याच्या बाकावर बसून तिने तो वाचला. आपले नाव कुठे कुठे आले ते आधी शोधले. घोरण्याचे लिहिले हे तिला आवडले. मग शेवटचे पान वाचले आणि कागद माझ्या मांडीवर ठेवला.

"ताई, तेलाचं पुन्हा खालीच टाकलं काय?"

मी पाहिले. तेल थेट लावू नये, ही दोन वाक्ये सर्वांत शेवटी होती.

"जागा कमी पडली म्हणजे?" ती म्हणाली.

आत तिचे नाव पुकारले. ती उठली नाही. मी पेन काढले, ती दोन वाक्ये खालून खोडली आणि पहिल्या पानावर, सगळ्यांच्या वर, लिहिली. तिने ती तिथे वाचली, मग आत गेली.